आईला पंधराच लाईट, मामांना तेहेतीस. आईला कमी दिले का?

धोटा (सोलापूर) यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर सुपरवायझर आहे. शिक्षण बारावी सायन्स. थोडं कळतं, पण पुरतं कळत नाही, म्हणून इथं विचारतोय. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ५८ वर्षांची. तीस वर्षं विड्या वळल्या. दिवाळीनंतर अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. तिनं ती महिनाभर कुणाला सांगितली नाही. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. गाठ काढली, स्तन ठेवला. काखेतल्या गाठी तपासायला काढल्या होत्या, त्या स्वच्छ निघाल्या. गाठ कॅन्सरची होती. केमोची गरज नाही, पण लाईट, म्हणजे किरणांचे उपचार, घ्यावे लागतील असं डॉक्टर म्हणाले. सध्या ते चालू आहेत, आज आठवा झाला. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे एकूण पंधरा. कार्डावर ४० ग्रे / १५ असं लिहिलंय.

परवा शेजारच्या काकू भेटायला आल्या. त्यांच्या बहिणीचा आजार हाच, पण तिला बऱ्याच वर्षांपूर्वी पंचवीस लाईट, ५० ग्रे, दिले होते. त्या आईसमोरच म्हणाल्या, "पंधराच? योजनेतलं पेशंट म्हणून उरकतात बघ." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण आईच्या तोंडावरचं पाणी पळालं.

घरात आणखी एक उदाहरण आहे. मामांचं गेल्या वर्षी गालाचं ऑपरेशन झालं, तंबाखू-चुन्यानं. त्यांना तेहेतीस लाईट दिले. कार्डावर ६६ ग्रे. म्हणजे मामांना ६६, काकूंच्या बहिणीला ५०, आणि आईला ४०.

रात्री दोनला उठलो तर आई पंख्याखाली जागी. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत होती. आमच्याकडं विडीचा कट्टा पंचवीसचा. मला म्हणाली, "कट्ट्यात पंधराच भरल्या तर कारखान्यात परत देतात रे. हे कसं चालवून घेतलं?" मला उत्तर देता आलं नाही.

आणखी एक विचारायचं होतं. मामांच्या वेळी मशीन चार दिवस बंद पडलं होतं. नंतर त्यांना शनिवारी बोलावलं आणि दोन-तीनदा एकाच दिवशी दोन लाईट दिले. पण सकाळचा झाल्यावर सहा तास बाहेर बाकड्यावर बसवून ठेवलं. घशात फोड, पाणी गिळवत नाही, आणि वर ते ऊन. मी तिथं बरीच वादावादी केली. दोन्ही लागोपाठ देऊन मोकळं केलं असतं तर काय बिघडलं असतं?

डॉक्टरांना विचारायला जातो, पण बाहेर साठ पेशंट बसलेले असतात. "बरोबर आहे, काळजी करू नका" एवढंच कानावर पडतं. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा की.

---

शेळगी_ताई:

दादा, माझंही ऑपरेशन झालंय, चार वर्षं झाली. मलासुद्धा पंधराच दिले होते, आणि मी योजनेत नव्हते, विम्यातून केलं. तेव्हा योजनेचा आणि आकड्याचा संबंध नाही, हे आईंना आजच सांगा. माझं नाव सांगून सांगा हवं तर.

एक बाईच्या बाजूनं सांगते. त्वचा काळी पडेल, काखेत आणि स्तनाखालच्या घडीत जास्त. लाईट संपल्यावर आठवडा-दहा दिवस ती आणखी वाढल्यासारखी वाटते, तेव्हा घाबरू नका. नंतर उतरते. घट्ट ब्लाउज नको, जुना धुतलेला सुती सदरा घालायला द्या. लाईटसाठी अंगावर काढलेल्या खुणा पुसू देऊ नका. आणि हात वर नेण्याचा व्यायाम दिला असेल तर तो बंद करू देऊ नका. मी कंटाळा केला, तर कपाटाच्या वरच्या फळीला हात पोहोचेना झाला होता.

आकड्यांचं मला समजत नाही. ते जाणकार सांगतील.

---

कोबाल्टचा_माणूस (जुळे सोलापूर):

धोटा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मी ३१ वर्षं रेडिओथेरपी विभागात मेडिकल फिजिसिस्ट होतो. पेशंटला किती मात्रा, कुठून, किती वेळ, याचा हिशेब करणारा माणूस. आता निवृत्त आहे. बाकड्यावर सहा तास बसवल्याचं वाचून वाईट वाटलं, कारण असे पेशंट मीही बसवलेत आणि त्यामागचं कारण प्रत्येकाला सांगायला वेळ काढला नाही. म्हणून आज सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ग्रे हे एकक. एक किलो ऊतीत एक जूल ऊर्जा जिरली की एक ग्रे. ही ऊर्जा इतकी थोडी असते की ५० ग्रेनं कपभर पाणीसुद्धा कोमट होणार नाही. तरी तेवढ्यानं गाठ मरते, कारण ती ऊर्जा पेशीच्या नेमक्या वर्मी लागते, डीएनएच्या धाग्यात.

आता तुम्ही लूमवाले, म्हणून तुमच्याच कामातलं सांगतो. ताण्याचा एक धागा तुटला तर काय होतं? लूम थांबतो, कारागीर दोन टोकं शोधतो, गाठ मारतो, पुन्हा चालू. कापडात दिसतसुद्धा नाही. पण शेजारशेजारचे दोन धागे एकाच वेळी तुटले, चार टोकं लोंबतायत, आणि घाईत याचं टोक त्याला बांधलं गेलं, तर? तिथून पुढचं कापड खराब. पेशीचं असंच आहे. सुटे तुटलेले धागे ती काही तासांत जोडून घेते. मरण येतं ते दोन प्रकारे. एक, एकाच किरणाच्या फटक्यात मोठी, न जुळणारी तूट पडली. दोन, दोन वेगळ्या फटक्यांनी जवळजवळ दोन तुटी पडल्या आणि चुकीची टोकं एकमेकांना बांधली गेली.

पहिल्या प्रकारचं नुकसान मात्रेच्या सरळ प्रमाणात वाढतं. मात्रा दुप्पट, नुकसान दुप्पट. दुसऱ्या प्रकाराला दोन फटके लागतात, म्हणून ते मात्रेच्या वर्गानं वाढतं. मात्रा दुप्पट, नुकसान चौपट. आमच्या सगळ्या हिशेबाचं मूळ या दोन वाक्यांत आहे. पहिल्याला अल्फा म्हणतात, दुसऱ्याला बीटा.

आता मुख्य गोष्ट. सगळ्या ऊतींत या दोघांचं प्रमाण सारखं नसतं. तोंडातली आतली त्वचा, वरची कातडी, आणि बहुतेक गाठी, या भराभर विभागणाऱ्या पेशी. त्यांच्यात अल्फाचा भाग मोठा. कातडीखालचा मऊ भाग, नसा, मज्जारज्जू, मूत्रपिंड, हे सावकाश चालणारे. त्यांच्यात बीटाचा भाग मोठा. लहान लहान मात्रा दिल्या तर हे सावकाश गडी जवळजवळ सगळी दुरुस्ती उरकून घेतात. एका वेळची मात्रा मोठी झाली की मात्र त्यांची दुरुस्ती कोलमडते. या फरकाला आम्ही एक आकडा देतो, अल्फा-बीटा गुणोत्तर. ज्या मात्रेला दोन्ही प्रकारचं नुकसान सारखं होतं ती मात्रा. बहुतेक गाठींसाठी हा आकडा १० ग्रेच्या आसपास धरतात, सावकाश ऊतींसाठी ३ च्या आसपास.

एक उदाहरण करून बघा, कागद-पेन घ्या. ५० ग्रे द्यायचे आहेत. एकाला रोज २ ग्रे, पंचवीस वेळा. दुसऱ्याला रोज ५ ग्रे, दहा वेळा. बेरीज दोघांची ५०. सूत्र असं: एकूण मात्रा गुणिले, एक अधिक एका वेळच्या मात्रेला त्या गुणोत्तरानं भागून येणारा आकडा. गाठीसाठी पहिल्याचे ६० येतात, दुसऱ्याचे ७५. सावकाश ऊतीसाठी पहिल्याचे ८३, दुसऱ्याचे १३३. रोजच्या २ ग्रेच्या भाषेत बोलायचं तर दुसऱ्या माणसाच्या गाठीला ६२ ग्रे दिल्यासारखे झाले, पण त्याच्या नसांना आणि कातडीखालच्या भागाला ८० ग्रे दिल्यासारखे. गाठीचा फायदा थोडा, तोटा फार मोठा. म्हणून निरनिराळ्या पेशंटांच्या कार्डांवरचे ग्रे नुसते शेजारी ठेवून तुलना करायची नाही. एका वेळी किती, हे कळल्याशिवाय एकूण आकड्याला अर्थ नाही.

हे कागदावरचं नाही. पूर्वी काही ठिकाणी गर्दीमुळे, मशीनं कमी म्हणून, आठवड्यातून दोन-तीनच मोठ्या मात्रा देत असत. तेव्हाचा हिशेब वरच्या कातडीवर बेतलेला होता. कातडी छान दिसायची, सगळे समाधानी. काही वर्षांनी खालचा भाग लाकडासारखा कडक व्हायचा, खांद्याजवळच्या नसा खराब होऊन हाताची शक्ती जायची. कातडी ही भराभर चालणारी ऊती, ती खालच्या सावकाश ऊतीबद्दल काहीच सांगत नाही, हा धडा त्यातून मिळाला. "थोडे थोडे जास्त दिवस दिलेले बरे" हे काकूंच्या मनात बसलंय ते त्या काळाचं आहे, आणि त्या काळी ते बरोबरच होतं.

त्याच्याही आधीचं, १९२० च्या दशकातलं पॅरिसचं काम सांगतो. क्लॉद रेगो नावाच्या शास्त्रज्ञानं मेंढ्यांच्या वृषणांवर किरणं दिली. एकाच मोठ्या मात्रेत वंध्यत्व आणायला गेलं की वरची कातडी होरपळायची. तेच काम थोड्या थोड्या मात्रांत अनेक दिवस केलं तर वंध्यत्व यायचं आणि कातडी शाबूत राहायची. भराभर विभागणाऱ्या पेशी म्हणजे गाठ आणि कातडी म्हणजे आजूबाजूची चांगली ऊती, असं त्यानं मानलं. मग तिथंच आंरी कुतार यांनी घशाच्या कॅन्सरला याच पद्धतीनं रोज थोडं थोडं देऊन बरं करून दाखवलं. आज आपण जे "रोज यायचं" म्हणतो त्याचं मूळ ते.

मग तुमच्या आईला रोज २.६७ का दिले? कारण स्तनाची गाठ इतरांसारखी नाही. तिचं गुणोत्तर १० नाही, ४ च्या जवळपास असल्याचं मोठ्या चाचण्यांतून दिसलं. म्हणजे वागायला ती जवळजवळ आजूबाजूच्या सावकाश ऊतीसारखीच. तसं असेल तर लहान लहान मात्रा देऊन आपण वाचवतो कुणाला? चांगली ऊती वाचते तशी गाठही वाचते. लहान मात्रेचा जो फायदा मामांच्या गालाला होता, तो इथं उरत नाही. एका वेळची मात्रा थोडी वाढवायची आणि एकूण कमी करायची.

ब्रिटनमध्ये १९९९ ते २००२ या काळात यासाठीच स्टार्ट नावाच्या चाचण्यांत बायका घेतल्या. त्यातल्या एका चाचणीत २२१५ बायका होत्या. अर्ध्यांना ५० ग्रे पंचवीस वेळा, अर्ध्यांना ४० ग्रे पंधरा वेळा. तुमच्या आईचा आकडा तोच आहे, बघा. दहा वर्षांनी मोजलं तेव्हा त्या बाजूला आजार परत आलेल्या पंचवीसवाल्यांत ५.५ टक्के, पंधरावाल्यांत ४.३ टक्के. आणि स्तन आक्रसणं, सूज, कातडीवर बारीक लाल शिरा दिसणं, हे पंधरावाल्यांत उलट कमी. ही चाचणी श्रीमंत देशातली, सरकारी खर्चानं सगळ्यांना सारखा उपचार मिळतो तिथली. उरकण्यासाठी केलेली नाही. २०२० साली तर पाच दिवसांत २६ ग्रे देण्याच्या चाचणीचे पाच वर्षांचे निकाल आले, चार हजारांहून जास्त पेशंटांचे, आणि तेही चांगले आले.

आता मामा. तोंडाची गाठ म्हणजे १० वाली. तिथं लहान मात्रांचा पुरता फायदा आहे. आणि शेजारी जबड्याचं हाड, लाळेच्या ग्रंथी, मागे मज्जारज्जू. म्हणून २ ग्रे, तेहेतीस वेळा, ६६. आईपेक्षा जास्त मौल्यवान उपचार मिळाला असं नाही, आजाराचा स्वभाव वेगळा.

सहा तासांचं. सकाळच्या लाईटनं चांगल्या पेशींचे धागे तुटलेत. त्यांना गाठी मारायला काही तास लागतात. टोकं लोंबत असताना दुसरा फटका दिला तर टोकं उलटसुलट बांधली जाणार, म्हणजे दोन वेळचे २ न राहता तो एका वेळचा ४ झाला. वर्गाचा हिशेब आठवा. १९५९ साली एलकाइंड आणि सटन यांनी पेशींवर हेच दाखवलं होतं, मात्रा दोन भागांत काही तासांच्या अंतरानं दिली तर जास्त पेशी जगतात. म्हणून दोन लाईटमध्ये निदान सहा तास. तुम्ही वादावादी केलीत आणि त्यांनी ऐकलं नाही, हे मामांच्या भल्याचं झालं. बाकड्याऐवजी खाट द्यायला हवी होती, त्याबद्दल तुमचा राग योग्य आहे.

आणि शनिवारी बोलावलं, कारण तोंडा-घशाची गाठ स्वस्थ बसत नाही. उपचार सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की उरलेल्या पेशी पूर्वीपेक्षा वेगानं वाढायला लागतात. त्यानंतर प्रत्येक वाया गेलेला दिवस भरून काढायला साधारण ०.६ ग्रे खर्ची पडतात, म्हणजे रोजच्या मात्रेतला जवळजवळ एक तृतीयांश. उपचार एक दिवस लांबला तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता टक्का-दीड टक्क्यानं घटते, असा ढोबळ हिशेब आहे. माझ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो याचा. पेशंट तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं म्हणून घरी बसायचे, जत्रा आहे, ज्वारी काढायची आहे म्हणून जायचे. आम्ही फोन करायचो. कुणी यायचे, कुणी नाही. हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी तोंडा-घशाचा पेशंट असेल तर हात जोडून सांगतो, कडक भाकरी आणि शेंगा चटणी बाजूला ठेवा, ताकातल्या पातळ कण्या द्या, गरज पडली तर नळीनं द्या, पण दिवस चुकवू नका.

---

बार्शी_नाका:

काका, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलमुळे आमच्या भागात लोकांना लाईट हा शब्द तरी माहीत आहे. तिथं १९८७ पासून गावोगावच्या कॅन्सर पेशंटची नोंदवहीसुद्धा ठेवतात, देशातली ग्रामीण भागातली पहिली. पण किती आणि का, हे कुणालाच माहीत नसतं.

माझे सासरे वैरागजवळच्या खेड्यातले. प्रोस्टेटचा आजार, तो हाडात उतरलाय. कंबरेत इतकं दुखायचं की कुशीवर वळता येत नव्हतं. त्यांना दुसऱ्या शहरात नेलं होतं, तिथं एकच लाईट दिला आणि घरी पाठवलं. गावात सगळे म्हणतात, डॉक्टरांनी हात टेकले म्हणून एकावरच भागवलं. तुमच्या हिशेबानं एकदम मोठी मात्रा वाईट. मग हे बरोबर झालं का? सासूबाई रोज विचारतात.

---

कोबाल्टचा_माणूस:

ताई, बरोबर विचारलंत. एका वेळी ८ ग्रे, असंच कार्डावर असेल, बघून घ्या.

मोठी मात्रा वाईट हे मी म्हटलं ते एकूण मात्राही मोठी असेल तेव्हा. ५० ग्रे पाच-पाचनं दिले तर सावकाश ऊतींना १३३ येतात, हे वर काढलं. आता ८ एकदाच दिले तर त्याच सूत्रानं बघा: ८ गुणिले, एक अधिक ८ भागिले ३. साधारण २९. नसांना, हाडाला हे सहज सोसतं. इथं गाठ समूळ मारायची नसते, दुखणं थांबवायचं असतं, आणि त्याला तेवढं पुरतं. एकदा ८ विरुद्ध पाच-दहा वेळा थोडं थोडं, अशा तुलना बऱ्याच देशांत झाल्या आहेत. दुखणं कमी होण्यात फरक निघाला नाही. फरक एवढाच की एकदाच दिलेल्यांत पुन्हा लाईट घ्यावा लागणारे जास्त, शंभरात सुमारे वीस, आणि जास्त वेळा दिलेल्यांत आठ. म्हणजे दुखणं परत आलं तर त्याच जागी पुन्हा देता येतो का, हे विचारायला नक्की जा. रस्ता बंद झालेला नाही.

आणि ज्याला कुशीवर वळता येत नाही, त्याला खेड्यातून दहा दिवस जीपमधून हिंदकळत नेणं हा छळ आहे. एकच लाईट देणाऱ्यानं हात टेकले नाहीत, त्या म्हाताऱ्या माणसाची कंबर बघून निर्णय घेतला. सासूबाईंना असंच सांगा.

पहिले दोन-तीन दिवस दुखणं उलट वाढू शकतं. पूर्ण उतार पडायला दोन-चार आठवडे लागतात. तोपर्यंत गोळ्या बंद करू नका. पायातली शक्ती गेल्यासारखी वाटली, लघवी अडली, तर मात्र एक दिवससुद्धा थांबू नका, लगेच न्या.

धोट्याला एक राहिलं. आईंचं मशीन आणि मामांचं मशीन वेगळं असेल, एकाला दोन मिनिटं लागली, दुसऱ्याला पाच, यावरूनही लोक तर्क करतात. काही मशीनांत किरणं कोबाल्ट नावाच्या धातूतून येतात, आणि त्याचा जोर दर ५.२७ वर्षांनी निम्मा होतो. आम्ही दर महिन्याला तक्ता बदलायचो, वेळ साधारण एका टक्क्यानं वाढायची. एक आजोबा सहा आठवड्यांत सेकंद मोजून मला म्हणाले होते, "साहेब, मला वाढवून देताय का?" मात्रा तीच होती, कोबाल्ट म्हातारा होत होता. तेव्हा मिनिटांवरूनही काही ठरवू नका.

---

शेळगी_ताई:

काका, एक विचारते. मग मधला एखादा दिवस चुकला तर आईंच्या आजारातही तेवढंच नुकसान का? माझे मध्ये दोन दिवस गेले होते, तापामुळे. चार वर्षं मनात आहे.

---

कोबाल्टचा_माणूस:

ताई, नाही. स्तनाच्या आजारात गाठ आधीच ऑपरेशननं निघालेली असते, आणि तोंडा-घशासारखी ती तिसऱ्या आठवड्यात उसळत नाही. दोन दिवस मागे गेले आणि नंतर पंधरा पूर्ण झाले, तर मनातून काढून टाका. मुद्दाम चुकवू नये एवढंच. तुमचे पंधरा पुरे झालेत ना, मग झालं.

---

धोटा (सोलापूर):

काका, पाया पडतो. काल रात्री तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. अल्फा-बीटा मी गाळलं. धाग्यांचं सांगितलं, तिनं माझ्या बापाच्या मागावर वर्षानुवर्षं गाठी मारल्यात, तिला ते पटकन कळलं. मग वहीच्या पाठकोऱ्या पानावर पंचवीस बारीक काड्या काढल्या आणि खाली पंधरा जाड काड्या. तिनं बराच वेळ बघितलं. म्हणाली, "म्हणजे विड्या जाड वळल्यात, म्हणून कट्ट्यात कमी बसल्यात."

हे बरोबर आहे का, तेवढं सांगा. आणि काकूंची बहीण काल तिला भेटून गेली. तिला पंचवीस घेऊन अकरा वर्षं झालीत, चांगली आहे. दोघींनी चहा घेतला.

आज नववा झाला. सदरा सुती घेतलाय, शेळगीताईंना सांगतो. पुढच्या बुधवारी दुपारी मशीनचं मेन्टेनन्स आहे म्हणून सकाळी सातला बोलावलंय. मंगळवारचा संध्याकाळी साडेपाचला आहे. मध्ये तेरा-साडेतेरा तास होतात. चालेल ना?

---

कोबाल्टचा_माणूस:

आईंचं वाक्य बरोबर आहे. मी ३१ वर्षांत इतकं थोडक्यात कुणाला सांगू शकलो नाही.

तेरा तास भरपूर आहेत. सातला न्या. रिकाम्या पोटी नेऊ नका, आणि कार्ड विसरू नका.